सातव्या खाटेवरची दुसरी गोळी

पडद्याला दार नसतं, त्यामुळे पडदा वाजवता येत नाही. ही अडचण आमच्या सिस्टरनं आपल्या परीनं सोडवली होती. खाटेभोवती पडदा ओढलेला दिसला की ती बाहेर उभी राहून चक्क तोंडानं "टकटक" म्हणायची, आणि आतून "या" येईपर्यंत पाऊल पुढे टाकायची नाही. नवे डॉक्टर हसायचे. एकदा एकानं न थांबता पडदा सरकवला, तर तिनं त्याचा पांढरा कोट मागून धरून त्याला बाहेर ओढलं आणि "आता म्हणा" असं सांगून समोर उभी राहिली. त्यानं म्हटलं. आतल्या पेशंटनं "नंतर या" असं उत्तर दिलं. डॉक्टर निमूटपणे नंतर आले.

आम्ही विद्यार्थिनी तिच्या पाठीमागे तिला टकटकबाई म्हणायचो. तिला ते ठाऊक होतं. तोंडावर मात्र "सिस्टर" म्हणताना आमची जीभ अडखळायची, कारण बाईची नजर भारी होती. वॉर्डच्या दारातून आत येता येता तिला कळायचं की चौथ्या खाटेची उशी घसरलीय, नवव्या खाटेचं पाणी पेशंटच्या हाताला पोचत नाही आणि माझं लक्ष भलतीकडेच आहे.

मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होते आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी ठाम समजूत होती. पुस्तकातला "रुग्णाची प्रतिष्ठा" हा धडा मी तोंडपाठ म्हणून दाखवायची. सिस्टरनं पहिल्याच दिवशी माझ्या हातात बेडपॅन दिलं आणि विचारलं, "कसं आहे?"

"स्वच्छ आहे, सिस्टर."

"हात लावून सांग."

"गार आहे."

"मग तू बसशील त्याच्यावर? जा, गरम पाण्यातून काढ, कोरडं कर आणि मग ने. तुझी ती प्रतिष्ठा की काय, ती इथून सुरू होते."

अशी तिची शिकवण. पेशंटशी उभ्यानं बोलायचं नाही, स्टूल ओढून बसायचं, त्याला मान वर करावी लागता कामा नये. पेशंटला नाव विचारायचं, आपण सांगायचं नाही; कारण तापात असलेला माणूस कुठल्याही नावाला हो म्हणतो. श्वास मोजताना मोजतोय असं सांगायचं नाही, नाडी धरल्याचं नाटक करून छातीकडे बघायचं, कारण सांगितलं की माणूस श्वास नीट घ्यायला लागतो. गोळी दिली की तिथंच, खाटेच्या पायथ्याशी टांगलेल्या तक्त्यावर सही करायची, पुढच्या खाटेवर जाऊन नाही. आणि या सगळ्याच्या वरचा एक नियम: औषधांच्या ट्रॉलीवर उभ्या असलेल्या मुलीला कुणीही हाक मारायची नाही. फोन वाजो, डॉक्टर येवोत, छत कोसळो. "छत कोसळलं तर ती आपोआप बघेल," असं सिस्टर म्हणायची.

आता तिचं दुसरं रूप सांगते. आमच्या सिस्टरला मेट्रन व्हायचं होतं, आणि ती ते लपवत नव्हती. बाकीच्या सिस्टर "आपल्याला काय, मिळालं तर मिळालं" असं म्हणत आणि मनात मांडे खात. ही सरळ सांगायची, "मला ती खुर्ची पाहिजे. एकोणीस वर्षं उभी आहे, गुडघे बोलायला लागलेत. शिवाय मला प्रत्येक खाटेजवळ एक स्टूल हवंय, आणि मेट्रन झाल्याशिवाय कुणी मला एवढी स्टुलं देणार नाही." तिच्या खिशात एक छोटी वही असायची. मेट्रन झाल्यावर काय काय बदलायचं याची त्यात यादी होती, आणि ती यादी चौतीस कलमांपर्यंत गेली होती.

घरीही तयारी जोरात होती. तिचे यजमान बस डेपोत वेळ नोंदवायचे. ते बिचारे शांत. पण सासूबाईंनी कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला "आमची सून मेट्रन झाली" असं आधीच सांगून टाकलं होतं. बेकरीवाल्यानं ते गल्लीभर केलं. सिस्टर वैतागायची, पण तो वैताग काही खरा नव्हता. गाल वेगळंच सांगायचे.

तिला टक्कर होती ती बायकांच्या वॉर्डच्या सिस्टरची. दोघी एकाच बॅचच्या, एकाच होस्टेलवर राहिलेल्या. त्या सिस्टरच्या कपड्यांवर कधी सुरकुती पडलेली कुणी पाहिली नव्हती, म्हणून तिचं नाव पडलं होतं इस्त्री. वाईट नव्हती हं. फक्त तिच्या वॉर्डात मुली मोठ्यानं हसत नसत.

आणि मग आमच्या मोठ्या साहेबांना, म्हणजे हॉस्पिटल चालवणाऱ्या साहेबांना, एक कल्पना सुचली. प्रत्येक वॉर्डच्या दाराशी एक काळा फळा आला. वर रंगानं लिहिलेलं, "चुकीविना दिवस". खाली खडूनं आकडा. वॉर्डात काही चूक झाली की तिचा फॉर्म भरायचा, आणि फॉर्म भरला की आकडा शून्यावर. ज्या वॉर्डचे आधी तीनशे पासष्ट दिवस भरतील त्या वॉर्डच्या सिस्टरला मेट्रनच्या जागेसाठी पहिला मान. साहेब या कल्पनेवर फार खूश होते. आमच्या पुरुषांच्या वॉर्डचा आकडा होता तीनशे बावन्न. इस्त्रीचा तीनशे एकेचाळीस. म्हणजे आमचे तेराच दिवस उरले होते, आणि रोज सकाळी सिस्टर स्वतः खडू घेऊन आकडा बदलायची. अक्षर दिवसेंदिवस मोठं होत चाललं होतं.

तर त्या दिवशीची गोष्ट.

सातव्या खाटेवर फोटोवाले काका होते. चाळीस वर्षं स्टुडिओ चालवलेला माणूस. रक्तदाब वर गेला म्हणून आलेला. मी त्यांचं प्रेशर बघायला पट्टा बांधला की ते मलाच सांगायचे, "हनुवटी थोडी वर. खांदे सैल. हां!" मी सकाळच्या औषधांची ट्रॉली घेऊन त्यांच्याजवळ पोचले, नाव विचारलं, त्यांनी ते ऐटीत सांगितलं. प्रेशरची गोळी दिली, त्यांनी घेतली. मी पेन उघडून तक्त्याला हात घातला, आणि दारातून हाक आली.

"अगं, ट्रॉली सोड! बाराव्या खाटेनं उलटी केलीय, चादर बदल आधी, साहेब जिन्यात आहेत!"

हाक सिस्टरची होती. साहेब पाहुण्यांना घेऊन दहाला येणार होते, ते पावणेनऊलाच उगवले होते. मी पेन खिशात टाकलं आणि धावले. चादर बदलली, पेशंटचं तोंड पुसलं, फरशी पुसली. साहेब आले, फळ्यासमोर उभे राहिले, पाहुण्यांना आकडा दाखवला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टरनं मान खाली घातली, पण चेहरा असा फुलला होता की मलाच भरून आलं.

साहेब गेल्यावर मी घाण चादरी घेऊन धोबीखोलीत गेले. परत येते तो सिस्टरनं ट्रॉली ताब्यात घेतलेली आणि ती दहाव्या खाटेपर्यंत पोचलेली. मी सही करायला सातव्या खाटेच्या तक्त्याकडे वळले. आजच्या चौकटीत सही होती. सिस्टरची.

तिनं काही चुकीचं केलं नव्हतं. चौकट रिकामी दिसली, म्हणजे गोळी दिलेली नाही. नाव विचारलं असणार, काकांनी पुन्हा ऐटीत सांगितलं असणार. आणि काका दुसरी गोळी निमूटपणे गिळून मोकळे झाले होते.

मला लगेच हेही दिसलं की तक्ता एकदम स्वच्छ आहे. एक गोळी, एक सही. दोन गोळ्या गेल्या हे जगात फक्त मला ठाऊक होतं. काकांनाही ठाऊक नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं नर्स जे देईल ते औषध.

मी ताबडतोब धावत जाऊन सांगितलं असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी तसं केलं नाही. मी कपड्यांच्या कपाटाशी गेले आणि उशांचे अभ्रे मोजायला लागले. चौदा अभ्रे तीनदा मोजले. मनात एकच चाललं होतं: तेरा दिवस. एका गोळीनं काय होतंय? कदाचित काहीच होणार नाही. मी गप्प बसले तर सिस्टरला खुर्ची मिळते, चौतीस कलमं मिळतात, सगळ्या पेशंटना स्टुलं मिळतात. म्हणजे मी गप्प बसणं हे तर पुण्याचंच काम! माणूस घाबरला की त्याचं डोकं किती छान चालतं बघा.

तेवढ्यात सातव्या खाटेवरून खाकरण्याचा आवाज आला. काकांनी पांघरूण बाजूला केलं होतं आणि दाढीचं सामान घेऊन ते पाय खाली सोडत होते. बेसिन वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला. मधे सगळी फरशी, आणि ती मीच नुकतीच ओली केलेली. प्रेशर उतरलेला माणूस एकदम उभा राहिला की भोवळ येऊन पडतो.

"काका, उठू नका!" मी एवढ्या जोरात ओरडले की सहा पेशंट पटकन आडवे झाले, काका सोडून. मग मी पळत जाऊन त्यांचे खांदे धरले आणि तिथूनच रडक्या आवाजात म्हटलं, "सिस्टर, काकांना गोळी मी दिली होती. आधीच. सही राहिली."

सिस्टरनं ट्रॉलीला कुलूप लावलं आणि ती आली. मला बोलली नाही, रागावली नाही. काकांना आडवं केलं, पायाखाली दोन उशा घातल्या, प्रेशर घेतलं, मला "डॉक्टरांना बोलाव, काय झालं ते जसंच्या तसं सांग" म्हणाली, आणि स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसली.

प्रेशर बरंच खाली उतरलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं. दर पंधरा मिनिटांनी मी पट्टा बांधत होते, आणि काका हनुवटीबद्दल काही बोलत नव्हते, त्यामुळे मला जास्तच भीती वाटत होती. साडेअकराला प्रेशर वर यायला लागलं. बाराला काकांनी खायला मागितलं.

तेव्हा सिस्टर त्यांना म्हणाली, "काका, सकाळी तुम्हाला एकाऐवजी दोन गोळ्या गेल्या. त्यामुळे प्रेशर एकदम खाली गेलं. चूक आमची आहे. आता धोका नाही, पण संध्याकाळपर्यंत उठायचं नाही. तुम्हाला काय विचारायचं असेल ते विचारा."

काका म्हणाले, "म्हणजे तुम्ही सांगता हे?"

"हो."

"अहो, मी चाळीस वर्षांत एकदाही सांगितलं नाही. फिल्म खराब झाली की गिऱ्हाईकाला म्हणायचो, तुम्ही डोळे मिचकावलेत. लोक माफी मागायचे माझी." ते छताकडे बघत राहिले. "एका बाईला तर तीन वेळा बोलावलं. ती बिचारी डोळे ताणून ताणून बसायची." मला हसू आलं, आणि हसता हसता मी रडायलाच लागले. सिस्टरनं मला पाणी आणायला पिटाळलं.

जेवणानंतर फॉर्मची वेळ आली. डॉक्टर मोठ्या मनानं म्हणाले, "सिस्टर, पेशंट ठणठणीत आहे. तेरा दिवस राहिलेत. मी काही बोलणार नाही." डॉक्टर गेल्यावर मीही तिला विनवलं, "निदान माझं एकटीचं नाव टाका. सही माझी राहिली."

"तुझी राहिली ना? मग तू तुझं लिही," ती म्हणाली. "पण माझी ओळ आधी येते." आणि तिनं फॉर्म पुढे ओढून पहिलं वाक्य लिहिलं. "औषधांच्या ट्रॉलीवर असलेल्या विद्यार्थिनीला मी हाक मारून बोलावून घेतलं." अक्षर नेहमीचंच, वळणदार. मग माझ्याकडे फॉर्म सरकवला. मी लिहिलं. मग ती उठली, दाराशी गेली, तीनशे बावन्न पुसलं आणि शून्य काढलं. शून्य चांगलं गोल आलं नाही म्हणून पुन्हा पुसून दुसरं काढलं.

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता म्हणतात. "आजच? पाहुणे येऊन गेले त्याच दिवशी?" असं ते तीनदा म्हणाले. महिन्याभरात इस्त्री मेट्रन झाली.

आता तुम्हाला वाटेल, सिस्टरनं ते हसत हसत घेतलं असेल. छे! ती कपड्यांच्या खोलीत जाऊन चांगली हमसून रडली. मी चहा घेऊन गेले तर म्हणाली, "मला फार वाईट वाटतंय. उगीच काय खोटं बोलू?" आणि पुढचे आठ दिवस वॉर्डातली सगळी बेडपॅन माझ्या वाट्याला आली. मी म्हटलं, सिस्टर, रागावलात का. ती म्हणाली, "हो. जाईल हळूहळू." घरी सासूबाईंनी "बेकरीवाल्याला आता तूच सांग" म्हणून हात वर केले. सिस्टरनं खरंच जाऊन सांगितलं. त्यानं तिला दोन बिस्किटं जास्त दिली, ती तिनं रागानं रस्त्यातच खाल्ली.

नंतर आमच्या फळ्यावर एक गंमत सुरू झाली. बाकीच्या वॉर्डांचे आकडे चढत गेले आणि आमचा काही केल्या चढेना. चार, सात, शून्य, दोन, शून्य. कारण वॉर्डातल्या मुली येऊन सांगायला लागल्या होत्या. खाटेचा कठडा लावायचा राहिला. इंजेक्शन वीस मिनिटं उशिरा गेलं. पाण्याचा जग लांब राहिला आणि आजोबा वाकले. सिस्टर प्रत्येकीला बसवायची, काय झालं ते विचारायची, फॉर्म भरून घ्यायची. मग त्यातून काहीतरी बदलायचं. कठड्याला लाल फीत बांधली, ट्रॉलीवरच्या मुलीला लाल एप्रन आला. जेवणाच्या खोलीत दुसऱ्या वॉर्डच्या मुली आम्हाला "शून्यवाल्या" म्हणून चिडवत. आम्ही उलट उत्तर द्यायचो, पण लागायचंच. सिस्टरलाही लागायचं. फळ्यासमोरून जाताना ती मान दुसरीकडे वळवायची.

असे सात-आठ महिने गेले. एक दिवस दुपारी, पेशंट जेवून लवंडलेले, मी आणि सिस्टर तिच्या खोलीत टेबलाशी पट्ट्या गुंडाळत बसलो होतो. दारात मेट्रन, म्हणजे इस्त्री, येऊन उभी राहिली. एकटीच, बरोबर कुणी नाही. आम्ही दोघी उठलो.

"बस," ती सिस्टरला म्हणाली. मग माझ्याकडे बघून घुटमळली.

"ती राहू दे," सिस्टर म्हणाली. "पोटात ठेवते."

मेट्रननं दार लोटलं. "आज दोन मुली आल्या नाहीत म्हणून मी माझ्या जुन्या वॉर्डात औषधं द्यायला उभी राहिले. दोन बायकांनी पंख्यासाठी खाटा बदलल्या होत्या. मी खाट बघून दिलं. नाव विचारलं नाही. एकीची झोपेची गोळी दुसरीला गेली."

"कशी आहे ती आता?"

"झोपलीय. श्वास बरोबर आहे, नाडी बरोबर आहे. एक विद्यार्थिनी बसवलीय शेजारी."

"डॉक्टर?"

"त्यांना मी म्हटलं, बाई दमली असेल, म्हणून झोपलीय," मेट्रन म्हणाली.

सिस्टरनं फोन उचलून तिच्या हातात दिला. मेट्रननं डॉक्टरांना सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, भिंतीकडे तोंड करून. फोन ठेवल्यावर ती खुर्चीत बसली. मी तिला इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होते. मला वाटलं होतं, असा दिवस आला तर मला आनंद होईल. मुळीच झाला नाही.

"तिथं कुणाला सांगू?" ती म्हणाली. "त्या मुली मला घाबरतात गं. त्यांच्या फळ्यावर पाचशेच्या वर आकडा गेलाय, आणि मला माहितीय तो खरा नाही. मी असतानाही खरा नव्हता."

सिस्टरनं हातातली पट्टी शेवटपर्यंत गुंडाळली. ती काय बोलेल याची मला धास्ती होती. तिला बोलायचा हक्क होता, आणि जीभही होती.

तिनं खण उघडून कोरा फॉर्म काढला आणि टेबलावर ठेवला.

"मला लिहवणार नाही," मेट्रन म्हणाली. "मी सांगते, तू लिही."

"नाही. हे तुझ्याच अक्षरात पाहिजे," सिस्टर म्हणाली. "सावकाश लिही. मी बसते शेजारी."

आणि ती स्टूल ओढून बसली.